जावई गेस्ट नेटवर्कवर

एकत्र कुटुंब टिकतं ते बऱ्याच गोष्टी मोघम ठेवल्यामुळे. घरात शेवटचा शब्द कोणाचा, कोणी किती वाजता झोपायचं, लग्न झालेली मुलगी माहेरी आली की ती घरची की पाहुणी, असल्या प्रश्नांना आमच्या घरात कधी कोणी हात लावला नव्हता. मग फायबरवाल्याने हॉलच्या भिंतीवर एक पांढरा डबा ठोकला, आणि त्या डब्याने हे सगळे प्रश्न एका फॉर्मवर ओळीने विचारले. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर लाल चांदणी. म्हणजे मोघम ठेवायची सोय नाही.

कनेक्शन अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे, कारण वीजबिल त्यांच्या नावावर येतं. पैसे नवऱ्याच्या खात्यातून जातात. ॲडमिन मी आहे, कारण डबा बसवायला पोरगा आला तेव्हा अण्णा बँकेत होते, नवरा मीटिंगमध्ये होता आणि सासूबाई ‘तूच बघ गं’ म्हणून आत गेल्या होत्या. असे मोठे अधिकार माणसाला बहुधा असेच मिळतात, दार उघडायला गेल्यामुळे.

तो पोरगा स्टुलावरूनच म्हणाला, “मॅडम, वायफायचं नाव काय ठेवू?”

आतून सासूबाई म्हणाल्या, “आडनाव ठेव म्हणावं. दुसरं काय ठेवणार?”

त्याने आडनाव दोनदा ठेवलं, एक नुसतं आणि एकापुढे ‘५जी’ लावून. ते पाच गिगाहर्ट्झचं असतं, मोबाइलच्या फाइव्ह-जीचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. पण तोवर अण्णांनी सोसायटीच्या बाकावर ‘आमच्याकडे घरातच फाइव्ह-जी आहे’ असं जाहीर करून टाकलं होतं, आणि ते परत घेण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

“युजरनेम ॲडमिन, पासवर्ड पण ॲडमिन,” पोरगा हात झटकत म्हणाला. “लक्षात ठेवायला सोपं पडतं.”

सोपं पडतंच, सगळ्यांनाच. २०१६ साली मिराई नावाचं एक द्वाड सॉफ्टवेअर जगभर हिंडलं. त्याच्याकडे कुठलीही दिव्य विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या, आणि त्या घेऊन ते कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर यांची दारं ठोठावत फिरायचं. लाखो दारं उघडली. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला या फौजेने डिन नावाच्या कंपनीवर चाल केली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स धडाधड बंद पडले. मिराई लिहिल्याची कबुली पुढे ज्या तिघांनी दिली ते जेमतेम विशीतले होते, आणि सगळ्या प्रकरणाचं मूळ माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरच्या धंद्यात होतं. कॅलिफोर्नियाने २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट पासवर्ड कायद्यानेच बंद केले. आमचे चिरंजीव नववीत आहेत आणि माइनक्राफ्ट खेळतात. पोरगा जिना उतरेपर्यंत मी पासवर्ड बदलला होता.

मग मी डब्याच्या पानावर गेले. १९२.१६८.१.१. हे आकडे १९९६ साली ठरलेल्या नियमाने घरगुती वापरासाठी राखून ठेवलेत. त्यामुळे कोट्यवधी घरांतल्या राउटरांचा पत्ता हाच आहे, आणि कोणाचंही पत्र चुकून दुसऱ्याकडे जात नाही, कारण हा पत्ता घराबाहेर चालतच नाही. आत गेलं की जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. आमच्या यादीत तीन ‘अँड्रॉइड’, एक ‘आयफोन’, एक ‘अज्ञात’ आणि एक ‘ईएसपी_३डी१एफ’ नावाचं कोणीतरी होतं. घरात माणसं पाच. कोण कोणतं हे ओळखायची एकच खात्रीची पद्धत आहे: एकेकाचं नेट तोडायचं आणि कुठल्या खोलीतून आरडाओरडा होतो ते ऐकायचं. पहिला अँड्रॉइड देवघरातून ओरडला. दुसरा संडासातून. ‘ईएसपी’ मात्र तोडलं तरी हूं की चूं नाही, म्हणून मी ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून नवऱ्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की तो गीझरचा स्मार्ट प्लग होता.

आता प्रोफाइल. प्रत्येक माणसाचं एक प्रोफाइल करायचं, त्यात त्याची उपकरणं घालायची, आणि मग त्या माणसाचं काय करायचं ते डब्याला सांगायचं. नाव लिहा, चित्र निवडा (कोल्हा, पांडा, घुबड), वयोगट निवडा. वयोगट चार: बालक, किशोरपूर्व, किशोर आणि प्रौढ. प्रौढांच्या पुढे यादी संपते. डब्याच्या मते माणूस एकदा प्रौढ झाला की त्याची काळजी मिटली. आमच्या घरातला अनुभव बरोबर उलटा आहे. चिरंजीव संशयास्पद लिंकला हात लावत नाहीत. ‘आपले वीज कनेक्शन आज रात्री ९.३० वाजता तोडण्यात येईल’ असा मेसेज आला की अण्णा मात्र चष्मा शोधायच्या आधी लिंक दाबतात.

म्हणून मी अण्णांना किशोर केलं. चित्र घुबडाचं ठेवलं, मान राहावा म्हणून. दोन दिवस घर शांत होतं. तिसऱ्या दिवशी अण्णा टॅब्लेट घेऊन आले. “ब्रिज खेळायला बसलो तर काहीतरी इंग्रजीत लाल लाल येतंय.” लाल अक्षरांत लिहिलं होतं की हे पान जुगार या सदरात मोडत असल्यामुळे आपल्या वयाला योग्य नाही. पत्ते म्हणजे जुगार, हे अण्णांच्या आईचंही मत होतं असं सासूबाई सांगतात. फरक इतकाच, की आईचं मत अण्णा चुकवू शकत होते.

झोपेची वेळ हा तर वेगळाच घोळ. शाळेच्या रात्री कुठल्या, तर रविवार ते गुरुवार, असं फॉर्ममध्ये आधीच भरून ठेवलेलं. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री पोरांनी जागलं तरी हरकत नाही. ज्याने हे ठरवलं त्याला शनिवारची सकाळची शाळा माहीत नाही. शुक्रवारी रात्री साडेबाराला चिरंजीव मला तो फॉर्म दाखवून म्हणाले, “आई, इथे वीकेंड लिहिलंय.” कंपनीने लिहून दिलेल्या गोष्टीपुढे आईचं काय चालणार!

बरं, वेळ पाळायची तर डब्याला वेळ कळायला हवी. स्वस्तातल्या राउटरांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज गेली की तो वेळ विसरतो, आणि परत आली की १ जानेवारी १९७० पासून सुरुवात करतो, कारण संगणकांच्या एका मोठ्या घराण्यात कालगणना तिथूनच सुरू होते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. वार गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते तीही बहुधा गुरुवारीच, त्यामुळे वार तेवढा बरोबर येतो. दुपारी दोनला वीज आली की आमच्या डब्याच्या हिशेबी पहाट असते, चिरंजीवांच्या प्रोफाइलवर सकाळी सहापर्यंत झोप लिहिलेली असते, आणि ऑनलाइन क्लासला बसलेला मुलगा बंद पडतो. १९७० साली अण्णा कॉलेजात होते. डबा ज्या काळात जागा होतो त्या काळातला घरात एकच तरुण माणूस, आणि त्यालाच आम्ही ब्रिज खेळू देत नाही.

बाहेरच्या घड्याळाला विचारून डबा काही वेळाने भानावर येतो. या विचारण्याचेही किस्से आहेत. २००३ साली नेटगिअरच्या लाखो राउटरांत वेळ विचारण्यासाठी एकच पत्ता घालून ठेवलेला निघाला, तोही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या घड्याळाचा, आणि विद्यापीठाला न विचारता. उत्तर नाही आलं तर ते दर सेकंदाला पुन्हा विचारायचे. विद्यापीठाला आधी वाटलं की आपल्यावर हल्ला झालाय. ‘किती वाजले?’ एवढाच प्रश्न होता.

माझा नवरा नेटवर्किंगमध्येच आहे. ऑफिसात त्याच्या ताब्यात शेकड्याने राउटर आहेत. घरातल्याला तो बोट लावत नाही. एकदा वरण ढवळत असताना त्याने मला समजावून सांगितलं, की सिस्कोच्या राउटरवर अधिकाराच्या ० ते १५ अशा पायऱ्या असतात. पंधरावर बसलेला काहीही बदलू शकतो. एकवाल्याला बघता येतं, बदलता येत नाही. आणि शून्यवाल्याला पाचच आज्ञा असतात: अधिकार मागणे, अधिकार सोडणे, मदत मागणे, बाहेर पडणे आणि पुन्हा बाहेर पडणे.

“मग घरात तू शून्यावर आहेस,” मी म्हटलं.

त्याने थोडा विचार केला. “मीठ कमी आहे का यात?” म्हणाला आणि बाहेर पडला.

डब्यात आणखी एक सोय असते, ती मला कोणी सांगितली नव्हती. कोणत्या प्रोफाइलने कोणत्या साइटला भेट दिली त्याची यादी. आजकाल जवळजवळ सगळ्या साइट कुलूपबंद असतात, त्यामुळे आत कुठलं पान उघडलं ते राउटरला कळत नाही, साइटचं नाव तेवढं कळतं. तेवढंही पुष्कळ होतं. नवऱ्याच्या नावापुढे रात्री दीड वाजता जुन्या मोटरसायकलींची साइट होती. मी काही बोलले नाही. नाश्त्याला फक्त म्हटलं, “पार्किंगमध्ये आपली एकच जागा आहे, नाही का?” त्याचा पोहे खाण्याचा वेग मंदावला.

सासूबाईंच्या नावापुढे मात्र विवाह जमवणारी साइट होती. आमच्या घरात लग्नाचं कोणी नाही. मी चार दिवस गप्प राहिले आणि मग अगदी आडून विचारलं. त्या शेंगा निवडत होत्या. न बिचकता म्हणाल्या, “नुसती माणसं बघते गं. कोण काय शिकलं, पत्रिका कशी, अपेक्षा काय. मालिकेपेक्षा बरं, रोज नवीन.” मग शेंग मोडत त्यांनी विचारलं, “तुला कसं कळलं?” त्या रात्री मी ती यादी बंद करून टाकली. सुनेच्या हातात सासूचा असा हिशेब असणं हे कुठल्याही डब्याने करून ठेवलेलं सगळ्यात धोकादायक काम आहे. उलटा प्रकार असता तर मी कधीच वेगळी राहायला गेले असते.

चिरंजीवांशी माझी लढाई स्वतंत्र चालू होती. राउटर माणसाला ओळखत नाही, फोनला ओळखतो, तेही मॅक ॲड्रेस नावाच्या बारा अक्षरी क्रमांकावरून. हा क्रमांक पूर्वी फोनला जन्मापासून चिकटलेला असायचा. मग बाजारात, विमानतळावर लोकांचा माग काढता येऊ नये म्हणून अँड्रॉइडने २०१९ साली आणि आयफोनने २०२० साली प्रत्येक वायफायला वेगळा, मनाने रचलेला क्रमांक सांगायला सुरुवात केली. हेतू चांगला. परिणाम असा, की फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण इकडचं तिकडे केलं की आमच्या डब्याच्या लेखी चिरंजीव घरातून नाहीसे होतात आणि कोणीतरी परका इसम आत येतो. ज्याला प्रोफाइल नाही, वयोगट नाही, झोप नाही.

पण रचलेला क्रमांक ओळखता येतो. त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असतं. हे समजल्यावर मी रात्री अकराला यादी उघडायची, दुसरं अक्षर बघायची आणि सरळ त्याच्या खोलीचं दार वाजवायची. मला हे कसं कळतं ते त्याला बरेच दिवस कळेना. मग एका संध्याकाळी डब्याच्या मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालून कोणीतरी तो दहा सेकंद दाबून धरला. सगळी प्रोफाइलं पुसली गेली. घुबड गेलं, पांडा गेला, सगळे समान झाले. ही समता साधारण अर्धा तास टिकली, कारण मी सेटिंगची फाइल आधीच उतरवून ठेवली होती. ती परत चढवली, डबा एकदा बंद होऊन चालू झाला, आणि चिरंजीवांचा पांडा दहा वाजताच्या झोपेसह जसाच्या तसा परत आला. ते काही बोलले नाहीत, पण पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने बघितलं.

हे सगळं ज्यांनी बनवलं त्यांची एक समजूत आहे, की वायफाय तोडलं की मूल तुटतं. त्यांच्याकडे मोबाइल डेटा महाग असावा. आपल्याकडे रोजचे दीड-दोन जीबी रिचार्जमध्येच येतात आणि रात्री बारा वाजता ताजे होऊन परत येतात. त्यामुळे जेवायला बोलावताना मी ‘सर्वांचे इंटरनेट थांबवा’ दाबते तेव्हा नवरा आणि अण्णा अर्ध्या मिनिटात ताटावर असतात, आणि ज्याच्यासाठी बटण बनवलं तो निवांत पुढचा व्हिडिओ बघत असतो.

तरी इथवर सगळं घरातल्या घरात होतं. खरा प्रसंग दिवाळीत आला. वन्सं आणि भाऊजी चार दिवस राहायला आले, आणि वन्संनी आल्या आल्या पासवर्ड विचारला.

पाहुण्यांसाठी राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि त्यावरून नेट मिळतं पण घरातली बाकी उपकरणं दिसत नाहीत. हे चांगलंच आहे. कोणाच्या फोनमध्ये काय असेल काय सांगावं? नवरा म्हणाला, गेस्टचा दे. म्हणून दिला. हे तो म्हणाला होता एवढं इथे नोंदवून ठेवते.

पाडव्याच्या सकाळी भाऊजींना परतीचं तिकीट छापायचं होतं. प्रिंटर सापडेना. चिरंजीव मदतीला धावले आणि अण्णांसमोर, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काका, तुम्ही गेस्टमध्ये आहात ना, तुम्हाला आमचा प्रिंटर दिसणारच नाही. तुम्हाला आयसोलेट केलंय.”

स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातला झारा थांबला.

“जावयाला बाहेरच्या वायफायवर ठेवलंय?”

“आई, सुरक्षेसाठी असतं ते.”

“कोणापासून सुरक्षा? जावयापासून?”

वन्संचा मुद्दा त्याहून अवघड होता. “याचं जाऊ दे, हा जावई आहे. मी कशी काय गेस्ट? मी याच घरात जन्मले ना?” यावर काय बोलायचं? फॉर्मवर दोनच पर्याय आहेत, घरचे आणि पाहुणे. माहेरवाशिणीचा रकाना कुठल्याच कंपनीने ठेवलेला नाही. घरच्या यादीत घातलं तर प्रोफाइल द्यावं लागतं, आणि प्रोफाइल म्हणजे वयोगट, झोपेची वेळ आणि चित्र. भाऊजी बिचारे ‘अहो असू दे, मी फोनवरच दाखवीन तिकीट, टीसीला चालतं’ म्हणत होते, पण आता विषय तिकिटाचा राहिला नव्हता. अण्णांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं, “त्यांना ब्रिज दिसतो का?”

दिसत होता. गेस्ट नेटवर्कवर वयाची चाळणी लावलेली नव्हती. घरात सगळ्यात मोकळं इंटरनेट जावयाला होतं, आणि अपमान झाला म्हणून सगळे भांडत होते. अण्णांनी शांतपणे गेस्टचा पासवर्ड भाऊजींकडून मागून घेतला आणि टॅब्लेट घेऊन गॅलरीत गेले.

मी दोघांना घरच्या यादीत घेतलं. भाऊजींचं प्रौढ प्रोफाइल केलं, वरून प्राधान्य लावलं. म्हणजे सगळ्यांनी एकदम नेट वापरलं तर आधी त्यांना. भाऊबीजेच्या दुपारी भाऊजींनी मोबाइलवर क्रिकेट लावलं, तेव्हा नवऱ्याची ऑफिसची मीटिंग थिजली आणि सासूबाईंच्या मालिकेतली नायिका तोंड उघडं टाकून तशीच उभी राहिली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. जावयासाठी त्यांनी याहून मोठा त्याग केल्याचं मला तरी आठवत नाही. वन्संच्या प्रोफाइलला चित्र काय ठेवायचं यावर आणखी थोडी चर्चा झाली, कारण पांडा चिरंजीवांना होता आणि कोल्हा त्यांना लागला.

पाहुणे गेल्यावर एका दुपारी सासूबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. “त्या डब्यात माझं पण दहाला बंद करता येईल का गं? त्या रील्स संपतच नाहीत मेल्या. एक बघावी तर बारा वाजतात.”

घरात आपणहून बंधन मागणारं पहिलंच माणूस. मी त्यांना दहा वाजताची झोप लावली. पहिल्या रात्री दहा वाजून चार मिनिटांनी त्या माझ्या दाराशी उभ्या होत्या. “पंधरा मिनिटं वाढवता येतात म्हणे. नातू सांगत होता.” वाढवता येतात, तसं बटण आहे. दुसऱ्या रात्रीही आल्या. तिसऱ्या रात्री आजी आणि नातू दोघे एकदम आले, आणि आजी अर्ज करायच्या सुरात म्हणाल्या, “आमचं दोघांचं मिळून अर्धा तास कर.” मी नाही म्हटलं. त्या मुकाट्याने गेल्या.

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. डब्यावर रोज दहाच्या ठोक्याला त्यांच्या नावापुढे शांतता. मला वाटलं, सवय लागली. मग एका सकाळी अण्णा फोन घेऊन चहाला आले. घरातल्या सगळ्यांचं रिचार्ज ते करतात, त्यामुळे कंपनीचे मेसेज त्यांनाच येतात.

“हिच्या नंबरचा दोन जीबी रोज रात्री बाराच्या आत संपतोय,” ते म्हणाले. “आणि बाराला नवा आला की साडेबारापर्यंत त्यातलाही निम्मा. ही रात्री करते काय?”

सासूबाई चहा गाळत होत्या. चिरंजीवांनी दप्तर उचललं आणि शाळा अर्धा तास लांब असताना निघून गेले.